शेवटच्या भागातला दोर

'गाळ' ही मालिका संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला, साताऱ्याच्या मैत्रेय सोसायटीच्या वाचनालयात बावीस शहाणीसुरती माणसं एकमेकांना खोटं पाडत बसली होती.

मेडिकलवाले शिर्के शपथेवर सांगत होते की वत्सलानं दोर हातातच धरून ठेवला आणि भाऊसाहेब इनामके तिच्या डोळ्यांदेखत बुडाला. शेजारच्या नाईकवडीबाई म्हणत होत्या की तुम्ही ऐन वेळी पेंगला असाल. वत्सलानं दोर टाकला, त्याला काठावर ओढलं आणि पोलीस येईपर्यंत स्वतःची शाल त्याच्या अंगावर घातली. शिर्क्यांच्या भागात शाल नव्हतीच. पेंगल्याचा आरोप मात्र त्यांच्या जिव्हारी लागला, कारण दुकानात ते दुपारी पेंगतात हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

दोन वर्षं आठवड्यातून पाच दिवस, मंगळवार ते शनिवार, रात्री साडेआठला चाललेली ही मालिका. तळं आटतं, गाळ उपसताना अकरा वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या मुलीची हाडं सापडतात आणि तिची थोरली बहीण वत्सला खुन्याचा माग काढत गावातल्या सर्वांत प्रतिष्ठित माणसाच्या, म्हणजे भाऊसाहेब इनामकेच्या दारात पोचते, अशी गोष्ट. शेवटी तळं पुन्हा भरतं, नाव उलटते, पोहता न येणारा खुनी पाण्यात आणि काठावर वत्सला, हातात दोर. एवढं जाहिरातीत दीड महिना आधीच दाखवलं होतं, त्यामुळे दोर टाकणं म्हणजे न्याय की धरून ठेवणं म्हणजे न्याय, यावर वाचनालयातल्या या प्रेक्षक मंडळानं गेले सहा रविवार डोकी फोडली होती.

त्या वादात एका बाजूचं तोंड होतं हेमांगी शेवाळे. जिल्हा न्यायालयात सव्वीस वर्षं काढून शिरस्तेदार म्हणून ती निवृत्त झालेली. कोर्टानं अकरा वर्षं काय केलं, असं शिर्क्यांनी विचारलं की ती म्हणायची, उशीर हा अन्याय असेलही, पण घाई म्हणजे न्याय नव्हे. वत्सलानं त्याला ढकललं नाही, ती नुसती बघत राहिली तर त्यात गुन्हा कुठला, हा शिर्क्यांचा हुकमी एक्का होता. त्याला तिनं दिलेलं उत्तर सगळ्यांच्या लक्षात राहिलं होतं.

"हातात दोर आहे तोवर ती बघणारी नाही, शिर्के."

आज मात्र हेमांगी मागच्या खुर्चीवर गप्प होती.

शेवटी मंडळाचे अध्यक्ष जंगम सर उठले. पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस, त्यामुळे सगळे दमून गप्प होईपर्यंत थांबायची सवय होती. त्यांनी सांगितलं की खोटं कुणीच बोलत नाही. शेवटची अकरा मिनिटं कधी चित्रित झालीच नव्हती. नटांनी आपले चेहरे आणि आवाज कंपनीला करारानं देऊन ठेवले होते आणि ती अकरा मिनिटं प्रत्येकाच्या घरातल्या टीव्ही संचानं त्या-त्या प्रेक्षकासाठी जागच्या जागी रंगवली होती. नोंदणी करताना आपण सगळ्यांनी ज्या अटींना न वाचता होकार दिला, त्यांत हे नवव्या पानावर होतं.

"पण कुणाला काय दाखवायचं, हे त्याला कळलं कसं?" नाईकवडीबाईंनी विचारलं.

सरांनी आपलं मनगट वर केलं. त्यावर बोटभर रुंदीची राखाडी पट्टी होती. मालिका संपली तरी सवयीनं खोलीतल्या बावीसही मनगटांवर ती होती. मालिका बघताना ती बांधायची, हा नियम. पट्टी नाडीचे ठोके मोजते, कातडीवर किती सूक्ष्म घाम येतो ते मोजते. माणूस रागावला की ठोके चढतात, हे आपल्याला ठाऊक असतं. पण एखादी गोष्ट मनापासून हवी असली आणि ती समोर येऊ लागली की ठोके आधी क्षणभर मंदावतात. शरीर श्वास रोखून वाट बघतं. मनात विचार उमटायच्या आत हे घडून गेलेलं असतं, त्यामुळे तिथं सोंग आणता येत नाही. एका भागावरून काही कळत नाही, पण पाचशे भागांत कोणत्या प्रसंगाला कोण थबकलं याची बेरीज केली की माणसाचा कल हाती लागतो. कंपनी त्याला 'ओढ' म्हणते.

"म्हणजे मनी वसे ते स्वप्नी दिसे," शिर्के म्हणाले.

"फक्त स्वप्न दुसऱ्याला सांगताना बदलता येतं," सर म्हणाले. "हे बदलता येत नाही."

एवढं झाल्यावर वाचनालयात जी शांतता पसरली तशी तिथं 'शांतता राखा' ही पाटी लावूनही कधी पसरली नव्हती. सकाळपासून ओरडून सांगितलेला शेवट आता प्रत्येकाला परत गिळायचा होता. शिर्के म्हणाले की आपण खरोखरच पेंगलो असू. मग कुणीतरी हेमांगीला विचारलं, तुमच्याकडं काय झालं?

"टाकला," ती म्हणाली.

सव्वीस वर्षं तिनं लोकांच्या शपथा कागदावर उतरवून घेतल्या होत्या. खोटं बोलताना माणसाचा आवाज एक पायरी खाली येतो, हे ती इतरांच्यात ओळखायची. आज तो तिचा तिला ऐकू आला.

तिच्या घरी काल रात्री वत्सलानं दोर टाकला नव्हता. तिनं तो मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. इनामके हात वर करत होता आणि वत्सला त्याच्याकडं बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, घाई तर नव्हतीच. अकरातली सात मिनिटं नुसतं ते बघणं होतं. हेमांगीनं मधेच नजर पडद्यावरून काढून घेतली होती. शेजारी बसलेले तिचे यजमान रणजितराव शेवटपर्यंत हलले नाहीत. मग उठून म्हणाले, "चांगला शेवट केला. वाढ आता."

हे तिला एवढं झोंबायचं कारण मालिकेपलीकडलं होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी ईरा, एकोणीस वर्षांची, क्लासच्या इमारतीतली लिफ्ट चौथ्या मजल्यावरून कोसळली तेव्हा आत होती. लिफ्टच्या देखभालीचं काम नितीन धायगुडेकडं होतं. चौदा महिने त्यानं वरची यंत्राची खोली न उघडता तपासणीच्या कागदावर सह्या केल्या होत्या. त्याला अटकेच्या दिवसापासून धरून नऊ वर्षांची शिक्षा झाली. अलीकडं आलेल्या कायद्यानं, दोन तृतीयांश शिक्षा भोगलेल्या कैद्याला सोडायचं की नाही यावर आधी फिर्यादीचं म्हणणं घेतलं जाई. फिर्यादी हेमांगी होती. तिची हरकत असली तर प्रकरण वर्षभर बाजूला पडे, नसली तर माणूस महिन्याभरात घरी.

तो कागद पंधरा दिवसांपूर्वी आला होता आणि येत्या शुक्रवारी परत द्यायचा होता. 'हरकत नाही' असं लिहायचं तिनं मनाशी ठरवलं होतं. ते ठरवायला तिला वर्ष लागलं होतं. धायगुडे आळशी होता, राक्षस नव्हता. सह्या करून मोकळी होणारी माणसं तिनं कचेरीत रोज बघितली होती आणि कधीकधी त्यांतली एक ती स्वतः होती. रणजितराव तर तिच्या कितीतरी आधी तिथं पोचले होते. एस.टी.च्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म काढलेला मवाळ माणूस. "जाऊ दे, हेमा. सुटू दे त्याला," असं ते वर्षभर म्हणत आले होते. धायगुडेची बायको वर्षा मागच्या महिन्यात भीत भीत दारात आली, तेव्हा त्यांनी तिला आत बोलावून चहा दिला. तो सुटला की कोल्हापूरच्या तुरुंगातून त्याला आणायला मी स्वतः गाडी घेऊन जाईन, तुम्ही लेकरांपाशी घरी थांबा, असं सांगितलं. वर्षा त्यांच्या पाया पडायला वाकली होती. सोसायटीत ही गोष्ट कळली तेव्हा लोक म्हणाले, देवमाणूस.

आणि आता पट्टी सांगत होती की हेमांगीच्या आत दोर धरून बसलेली एक बाई आहे.

सोमवार, मंगळवार ती कागदापुढं बसली आणि उठली. मनात विष ठेवून 'हरकत नाही' लिहिलं तर ती खोटी साक्ष होईल, असं तिला वाटू लागलं. गावातही तोवर भलतंच सुरू झालं होतं. 'तुमच्याकडं टाकला की धरला?' हा प्रश्न लोक हवापाण्यासारखा विचारू लागले होते. एका स्थळाकडच्यांनी मुलाचा शेवट कळल्याशिवाय पत्रिका बघणार नाही असं सांगितलं म्हणे. विचारलं की सगळेच 'टाकला' म्हणत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण असा सगळा सातारा दोर टाकणारा असता तर जिल्हा न्यायालयाला कधीच कुलूप लागलं असतं.

बुधवारी दुपारी ती जंगम सरांकडं गेली आणि खरं काय ते सांगितलं.  प्रत्येकाला आपली नोंद बघायचा हक्क असतो, एवढं म्हणून सरांनी तिच्याकडून परवानगीची खूण घेतली आणि पडद्यावर पाचशे भागांचा आलेख उघडला.

"तुमची नाडी एरवी किती असते?"

"ब्याऐंशी, पंच्याऐंशी. थायरॉइडमुळं."

सरांनी चष्मा वर केला. रेष साडेआठला चौऱ्याऐंशीवर सुरू होत होती, आठ पस्तीसला एकदम अठ्ठावन्नवर येत होती, वीस मिनिटं तिथंच राहत होती आणि नवाला पाच कमी असताना पुन्हा वर जात होती. एक दिवस नव्हे, जवळजवळ रोज. शेवटचा भाग तेवढा सरळ चौऱ्याऐंशीवर होता.

"असं होत नाही," सर म्हणाले. "एका माणसाचं असं होत नाही."

हेमांगीला मात्र ते बघताच कळलं, कारण आठ पस्तीस ही तिच्या भाकऱ्यांची वेळ होती.

रणजितरावांना आगाराच्या सवयीनं नवाच्या ठोक्याला ताट लागे आणि भाकरी तव्यावरून ताटात पडलेली लागे. पट्टी बांधून पीठ मळता येत नाही, फटीत पीठ जातं. आणि भाग चालू असताना पट्टी मनगटावर नसली तर गैरहजेरी लागे. तीस गैरहजेऱ्या झाल्या की शेवटचा भाग मिळणार नाही, असा कंपनीचा दंडक. म्हणून पहिल्या आठवड्यापासून मालिकेची नावं संपली की ती पट्टी उतरवून नवऱ्याच्या मनगटावर बांधायची आणि स्वयंपाकघरात जायची. मालिका ती कानांनी बघायची, मधेच पिठाच्या हातांनी दारात येऊन डोकावायची. "मला नाही बाबा त्यात रस, पण बांध," असं ते म्हणत. रक्तदाबाच्या गोळीमुळं त्यांची नाडी कायम साठीच्या आत असे.

"पण शनिवारी मी आधीच भाकऱ्या करून ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "शेवटचा भाग मी स्वतः बांधून बघितला."

"शेवटच्या दिवसाचा अभ्यास मोजत नाहीत, बाई. वर्षभराचा मोजतात. यंत्राला माणूस कळत नाही, मनगट कळतं."

मग त्यांनी तिला तो आलेख जवळून दाखवला. इतरांच्या नोंदीत इनामके पडद्यावर आला की ठोके चढत. राग तो. या रेषेत मात्र ते उतरत होते. अठ्ठावन्न, पंचावन्न, बावन्न. बिळासमोर बसलेल्या मांजरासारखी ती रेष स्तब्ध होत होती. इनामके एकटा असला, बेसावध असला, की सर्वांत जास्त.

"हा राग नाही," सर हळूच म्हणाले. "हे वाट बघणं आहे. अर्थात ओढ म्हणजे करणी नव्हे. माणसाला किती गोष्टी हव्या असतात, करतो थोड्याच." त्यांनी ती पट्टी कुणाची हे विचारलं नाही. फक्त पडदा बंद केला.

घरी येताना तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. ती बाई आपल्या आत नव्हती. ते सुख सोसायटीच्या फाटकापर्यंतच टिकलं. कारण तिथं तिला आठवलं, मी स्वतः गाडी घेऊन जाईन, तुम्ही घरी थांबा.

जेवणाच्या टेबलाशी रणजितराव चवळीच्या शेंगा मोडत बसले होते. कागद समोरच होता. ती त्यांच्यासमोर बसली.

"तो शेवट माझा नव्हता," ती म्हणाली. "पट्टी तुमच्या हातावर असायची. शेवट तुमचा होता."

ते शेंगा मोडत राहिले. चार-पाच मोडल्या.

"त्याला आणायला तुम्ही एकटेच का जाणार आहात?"

"तुला माहीत आहे."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

त्यांनी शेंग खाली ठेवली. "आत असला की मधे भिंत असते, हेमा. मला तिथं पोचता येत नाही."

सगळ्या घरात तेवढं एकच वाक्य आहे असं तिला वाटलं. तीस वर्षांच्या संसारात या माणसानं कधी दाराला लाथ मारली नव्हती, बस चुकलेल्या प्रवाशावर आवाज चढवला नव्हता. ती घाबरली. आणि त्याच क्षणी तिला त्यांची इतकी दया आली की तिनं टेबलाखाली स्वतःचा हात घट्ट दाबून धरला.

"ठरवलंय?"

"ठरवलं असं नाही. गाडीत तो शेजारी बसेल, इथवर दिसतं. पुढचं दिसत नाही." मग म्हणाले, "पण तो इनामके समोर आला की मला शांत वाटायचं. सहा वर्षांत दिवसाची तेवढीच वीस मिनिटं मला शांत वाटायचं. मालिका संपली, आता तेही नाही."

हेमांगीला वाटलं होतं की आपण दोघं एकाच रस्त्यानं चालत क्षमेपर्यंत आलो. ते कधी त्या रस्त्यावर नव्हतेच. आणि तिनं सहा वर्षांत एकदाही मागं वळून बघितलं नव्हतं, कारण ते 'जाऊ दे' म्हणत होते आणि ते ऐकायला सोयीचं होतं.

ती बराच वेळ हिशोब मांडत बसली. हरकत नाही म्हटलं तर धायगुडे गाडीत बसतो. कदाचित काही होत नाही. ओढ म्हणजे करणी नव्हे. पोलिसांत जाऊन सांगायचं तर सांगायचं काय, की माझ्या नवऱ्याची नाडी बावन्न होती? वर्षाला सावध करायचं, तर देवमाणसाचं काय होईल, आणि उघडा पडलेला माणूस मग काय करील? आणि हरकत घेतली तर एका आळशी माणसाचं आणखी एक वर्ष तिच्या सहीनं जाणार होतं, जे आता घ्यायचा तिला हक्क नव्हता असं तिचं स्वतःचंच मत होतं. न्याय यांतल्या कशातच नीट बसत नव्हता. पण दोर तिच्या हातात होता, आणि ती बघणारी नव्हती.

तिनं कागद ओढला आणि कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'माझी हरकत आहे.' कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही. सही केली. रणजितराव बघत होते. त्यांनी अडवलं नाही, आणि ती त्या गोष्टीला धरून राहिली, कारण धरायला दुसरं काही नव्हतं.

पुढच्या रविवारी मंडळात तिनं उभं राहून सांगितलं की आपण मागच्या वेळी खोटं बोललो, आपल्याकडं वत्सलानं दोर धरला होता. शिर्क्यांनी टाळी दिली नाही. उलट ते खजील झाले. जंगम सर खिडकीबाहेर बघत राहिले. हरकतीची बातमी तोवर पसरली होतीच, आणि आता तिला यंत्राचा दाखलाही मिळाला. तोंडानं न्याय आणि पोटात सूड, लोकांनी दोन्हींची छान सांगड घातली. सहा रविवार तिनं मांडलेल्या प्रत्येक मुद्द्यावर त्या दिवशी पाणी पडलं.

दोन दिवसांनी, दिवेलागणीनंतर, वर्षा धायगुडे आली. आत येत नाही म्हणाली. फाटकाच्या बाहेरच उभी राहिली. रडलेली होती, पण आता रडत नव्हती.

"धाकटा आता पहिलीत जाईल. त्याला सांगून ठेवलं होतं, पप्पा येणार म्हणून," ती म्हणाली. "चूक झाली त्यांची, मी नाही म्हणत नाही. पण तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती. शेवाळेसाहेबांकडं बघून तरी काही शिकायचं होतं. किती मोठ्या मनाचा माणूस."

खरं काय ते हेमांगीच्या ओठांवर आलं होतं. ते सांगून तिला त्याच क्षणी मोकळं होता आलं असतं.

"हो," ती म्हणाली. "ते मोठ्या मनाचे आहेत."

वर्षा गेली. हेमांगीनं फाटकाची कडी लावली. वळली तर रणजितराव दाराआड उभे होते. सगळं ऐकलेलं होतं. त्यांचा चेहरा असा झाला होता की सहा वर्षांत प्रथमच तिला तो ईराच्या बापाचा वाटला.

"मी सांगतो तिला," ते म्हणाले. "तुझ्या माथी नको."

"नको. तिला एवढंच सांगा की आणायला तिनं स्वतः जायचं. पुढच्या वर्षी पुन्हा कागद येईल. तेव्हा मी तुम्हाला विचारीन, आणि पट्टीला नाही, तुम्हालाच विचारीन. त्या दिवशी मला खरं सांगायचं."

"आणि खरं हेच असलं तर?"

 घड्याळात आठ पंचवीस झाले होते. बाहेरच्या खोलीत बंद टीव्हीसमोर त्यांची खुर्ची मांडलेली होती, आणि मालिका संपल्यापासून रोज या वेळेला ते तिच्यात जाऊन नुसते बसत होते. तिनं त्यांचा हात धरला, मनगटाच्या जरा वर, आणि त्यांना स्वयंपाकघरात नेलं. परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, गरम पाणी ओतलं.

"मला येत नाही हे," ते म्हणाले.

"ईरालाही येत नव्हतं. तिची पहिली भाकरी आठवते?"

घरात ते नाव सहा वर्षांत मोठ्यानं उच्चारलं गेलं नव्हतं. रणजितराव परातीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पूर्व आफ्रिकेचा नकाशा."

"मळा."

साडेआठ वाजले तेव्हा त्यांचे दोन्ही हात पिठात होते.